तीन वेळा नाही म्हटल्यावर

पुणे-इंदूर गाडीत माझी खालची बर्थ गेली. या घटनेची दखल इतिहास घेणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच घेते. बर्थ महिनाभर आधी आरक्षित केली होती. माझं वय बावन्न, गुडघ्यांचं साठच्या पुढे. लोणावळा यायच्या आत समोरच्या कुटुंबातल्या सूनबाई गोड हसून म्हणाल्या, "आप ऊपर चली जाएँगी? मम्मीजी को घुटनों का प्रॉब्लम है." मम्मीजी तेव्हा उकिडव्या बसून, दोन्ही हातांनी, एक लहान कपाट म्हणून खपेल अशी बॅग सीटखाली ढकलत होत्या. मी म्हटलं, "हो, चालेल की." आणि रात्रभर एसीच्या झोताखाली कांबळं नाकापर्यंत ओढून, छताकडे बघत, मी माझ्या स्वभावाचा धिक्कार केला.

यातली खरी नामुष्की निराळी आहे. ठामपणे 'नाही' कसं म्हणावं हे मी लोकांना शिकवते, आणि त्याचे पैसे घेते. परदेशी निघालेल्या इंजिनिअरांना तिथल्या माणसांशी कसं वागावं-बोलावं हे दोन दिवसांत शिकवायचं, असा माझा व्यवसाय. विषयाचं भारदस्त नाव आंतरसांस्कृतिक संवाद. माझ्याकडे चौऱ्याऐंशी स्लाइड आहेत. त्यातल्या एकीवर हिमनग आहे, कारण हिमनगाशिवाय या धंद्यात कोणी उभं करत नाही. पाण्यावर दिसतो तो पोशाख, खाणं आणि सण. पाण्याखाली राहतं ते न बोललेलं सगळं. जपानी माणसाने 'बघू' म्हटलं तर त्याचा अर्थ काय, जर्मन माणूस तोंडावर चूक काढतो तेव्हा रागवायचं की नाही, हे मी झोपेत सांगू शकते. उरलेल्या वेळात या ब्लॉगवर लोकांबद्दल तिरकस लिहिते. त्यामुळे नातेवाईक मला लग्नाला बोलावतात, पण शेजारी बसत नाहीत.

तर या खेपेला लग्नच ठरायचं होतं. माझी भाची मुक्ता, म्हणजे धाकट्या भावाची, शिरीषची, मुलगी. वय अठ्ठावीस. एका अमेरिकन कंपनीचं काम ती पुण्यातल्या घरातून, रात्री जागून करते. त्याच कामात तिची इंदूरच्या तन्मयशी ओळख झाली, आणि दोन वर्षांनी दोघांनी आपापल्या घरी सांगितलं. तन्मय एकुलता एक, आईवडिलांना सोडून इंदूरबाहेर जाणार नाही. मुक्ताचं काम कुठूनही होतं, तिची जायची तयारी होती. शिरीषची नव्हती.

"मराठी आहेत म्हणे," तो म्हणाला, "पण चार पिढ्या तिकडे. घरात काय बोलतात, कसे राहतात, काय कळणार? ताई, तू बघून ये. तुझा तर विषयच हा. तू हो म्हणालीस तर मी हो. तुला खटकलं तर मी मुक्ताला समजावीन."

समजावीन म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शिरीष आवाज चढवत नाही. तो महिनाभर जेवताना गप्प बसतो.

मी तयारी केली नाही. मराठी माणूस मराठी माणसाकडे निघाला होता, त्याला स्लाइड कशाला. एका वहीत आठ प्रश्न लिहिले, नीट, क्रमांक घालून.

पहिला दिवस

दुपारी पुण्याहून निघालेली गाडी सकाळी इंदूरला लागते. मध्ये पहाटे रतलाम येतं. जाग असेल तर फलाटावर शेव घ्या, नसेल तर झोपा. इंदुरात शेवेवाचून कोणाचं अडलेलं ऐकिवात नाही. जानेवारीत जात असाल तर शाल हाताशी ठेवा, सकाळी दात वाजतात.

स्टेशनवर तन्मय आला होता. उंच, अंगावर जाकीट, डोळ्यांत अपुरी झोप. वाकून पाया पडला आणि माझी बॅग घेतली. "चला आत्याजी, गाडी बाहेरच लावली आहे. आई रस्ता बघतेय."

"मी हॉटेल घेतलंय," मी म्हटलं. "इथेच, पाच मिनिटांवर. तुम्हाला उगाच त्रास नको."

"त्रास? घरी वरची खोली तर..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "ठीक आहे. जशी तुमची मर्जी."

कोणाला त्रास न देणं हा आमच्याकडे सद्गुणांचा मेरुमणी आहे. मी मनातल्या मनात स्वतःला दहापैकी दहा दिले. हॉटेल दीड हजारांत, गरम पाणी, खिडकीतून रस्ता. रस्ता इतका स्वच्छ की मी हातातला चहाचा कागदी कप बाहेर कुठे ठेवायचा या विचारात तो खोलीपर्यंत परत घेऊन आले.

तन्मयने सांगितलं होतं, "ग्यारह-बारापर्यंत घरी या." तोवर मी पोहे खाल्ले. इंदुरी पोहे फोडणीला घालून परतलेले नसतात, वाफेवर ठेवलेले असतात. त्यावर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे, आणि जीरावण नावाचा एक मसाला भुरभुरतात, ज्याची मला आता सवय लागली आहे. पंचवीस-तीस रुपयांत एक प्लेट. बरोबर जिलबी घ्यायची असते. मी पुण्याची असल्यामुळे आधी पोहे आणि मग जिलबी घेतली. गाड्यावरचा माणूस म्हणाला, "साथ में खाओ आंटी, अलग-अलग क्या." एकत्र खाऊन बघितलं. त्याचं बरोबर होतं. खात्री करायला दुसरी प्लेट घेतली. वर दुधातली घट्ट शिकंजी, जिला पेय म्हणणं म्हणजे श्रीखंडाला ताक म्हणणं.

बरोबर अकरा वाजता मी बडा गणपतीच्या देवळाजवळ तन्मयच्या गल्लीत हजर होते. जुन्या शहरात मोठी गाडी घेऊन घुसू नका, बॅटरीवरची रिक्षा करा. दहा-वीस रुपयांत सोडतात आणि वाटेत सगळ्या गल्लीची खबरही देतात. घर तीन मजली, अरुंद, प्रत्येक मजला वेगळ्या काळात बांधलेला असावा असं. दारात तन्मयचे वडील बनियनवर स्कूटर धूत होते. त्यांचे आजोबा कापड गिरणीत कारकून म्हणून इकडे आले, हे स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. नाव वसंतराव. मला बघून हातातली पाण्याची नळी खाली पडली आणि माझ्या चपला भिजल्या.

"अरे ताई, आलात पण?" ते म्हणाले.

"अकरा वाजले," मी घड्याळ दाखवलं.

ते आत पळाले. आमच्याकडे वेळेवर येणाऱ्याचं कौतुक होतं. इथे अकरा-बारा म्हणजे साडेबारा, हे मला नंतर कळलं.

तन्मयच्या आई मंगलाताई ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचलेल्या. त्यांनी माझे हात हातात घेतले. "बैठा ना ताई. आरामात बैठा. थकला असाल. मुक्ता कशी आहे? फोटोत तर फार दुबळी दिसते." आठवीपर्यंतच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या; भिंतीवर त्यांनी काढलेला गणपती होता आणि तो खरोखर चांगला होता. माझ्या कानाला मात्र एकच काम होतं. बर्तन, सब्जी, चाबी, धूल. मी मनात एकेक शब्द दुरुस्त करत होते. त्याच वेळी मी स्वतः "ॲक्च्युअली, मला एक-दोन गोष्टी क्लिअर करायच्या होत्या" असं म्हणत होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी वही उघडली. वसंतराव आता शर्ट घालून समोर बसले होते.

"मुक्ताचं काम रात्रीचं असतं. तिला शांत जागा लागेल. त्याचं काय?"

"हो जाईल ताई," वसंतराव म्हणाले.

"इंटरनेट?"

"ते पण हो जाईल."

"स्वयंपाकाचं? सकाळी ती झोपलेली असेल."

मंगलाताई हसल्या. "ते बघून घेऊ ना. आली की बघून घेऊ."

"वर्षातून किती वेळा माहेरी येऊ शकेल?"

"तिचं मन होईल तेव्हा," वसंतराव म्हणाले, आणि मग मंगलाताईंना, "चाय?"

आठ प्रश्न संपले. आठही उत्तरं मी लिहून घेतली. बघू, होईल, जमेल, बघू. एखाद्या जपानी माणसाने असं उत्तर दिलं असतं तर मी लगेच थांबून विचार केला असता की हा काय बोलत नाहीये आणि का. पण हे काही जपानी नव्हते. हे आपलेच होते, म्हणून मी त्यांना सरळ मोघम ठरवलं.

एक वाजता ताटं मांडली. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. करायला सकाळ जाते. बरोबर दाळ, लसणाची चटणी, चुरम्याचे लाडू. वास असा की भिंतीवरच्या गणपतीचंही लक्ष गेलं असेल. पण माझ्या पोटात दोन प्लेट पोहे, जिलबी आणि शिकंजी होती.

"एक बाफला तर घ्याच," मंगलाताई म्हणाल्या.

"नको."

"थोडासा. तुमच्यासाठीच बनवलेत."

"नाही, खरंच नको."

"अर्धा? तोडून देते."

"मंगलाताई, नाही. मी जेवणार नाहीये."

नजरेला नजर, आवाज स्थिर, कारण न देता, सबब न सांगता. माझ्या एकोणिसाव्या स्लाइडवर हे असंच लिहिलेलं आहे. आदल्या दिवशी गाडीत जे जमलं नव्हतं ते इथे दहा सेकंदांत जमलं.

मंगलाताईंनी हातातला डाव हळूच पातेल्यात ठेवला. वर झाकण घातलं. वसंतराव म्हणाले, "कोई बात नाही." तन्मय ताटाकडे बघत होता. मग सगळे हवेबद्दल बोलले. इंदूरच्या थंडीबद्दल, पुण्याच्या थंडीबद्दल. दारापर्यंत तिघेही सोडायला आले.

संध्याकाळी शिरीषचा फोन. "काय म्हणतात?"

"लोक गोड आहेत," मी म्हटलं. "पण मोघम. एका प्रश्नाचं ठोस उत्तर नाही. सगळं बघू आणि होईल."

"म्हणजे नाही?"

"मी नाही म्हटलेलं नाही. पण हो म्हणावं असं त्यांनीही हाती काही दिलं नाही."

"बरं," शिरीष म्हणाला. मागे कुठेतरी मुक्ताचा आवाज आला, काय म्हणते आत्या? त्याने फोन ठेवला.

दुसरा दिवस

सकाळी मी राजवाडा बघितला आणि मल्हारगंजच्या गल्ल्यांत हिंडले. राजवाड्याचे वरचे मजले लाकडी आहेत, खालचे दगडी; फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. मल्हारगंजात जीरावण घ्या, पण सुटं घ्या, डोळ्यांसमोर तोलून. एका दुकानात मी "हे किती दिवस टिकेल?" असं मराठीत पुटपुटले, तर मालक म्हणाले, "टिकवायचं कशाला ताई, खाऊन टाका." त्यांचे पूर्वज साताऱ्याकडचे. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, मी फक्त शंभर ग्रॅम घेतलं तरी. "अपन तर घरचेच आहोत," ते म्हणाले. पाच मिनिटांची ओळख. मी अवघडून उठले.

आदल्या दिवशी ठरलं होतं की वसंतराव दुपारी मला गाव दाखवायला नेतील. दोन वाजले, तीन वाजले, फोन नाही. चारला मी वहीत नवव्या क्रमांकावर लिहिलं, दिलेला शब्द पाळत नाहीत.

पाच वाजता तन्मय एकटा आला. "चला आत्याजी, खजराना दाखवतो." आम्ही स्कूटरवरून निघालो.

खजरान्याचं गणपतीचं देऊळ अहिल्याबाईंच्या काळातलं. बुधवारी जाऊ नका, मुंगीला रांगेत उभं राहावं लागेल. इतर दिवशी संध्याकाळी बरं असतं. बाहेर हारांची, लाडवांची, खेळण्यांची दुकानं आहेत. लोक देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि तो फळला की परत येऊन सुलटं काढतात. आम्ही दर्शन घेतलं आणि बाहेर एका कट्ट्यावर बसलो. तन्मयने दोन भुट्टे आणले. माझ्या हातात एक देताना जरा थांबला.

"घ्याल ना?"

"घेईन की. का?"

तो खाली बघून दाणे सोलत राहिला. "आत्याजी, एक विचारू? आईकडून काय चूक झाली?"

"चूक? कसली चूक?"

"मग तुम्ही जेवला का नाहीत?"

"अरे, मी पोहे खाऊन आले होते. दोन प्लेट."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बस? पोहे?"

"आणि शिकंजी," मी म्हटलं.

तो हसला नाही. "आमच्याकडे पहिलं नाही तर सगळेच म्हणतात. ते कोणी गिनतच नाही. दुसरं नाही म्हटलं तर समजायचं पोट भरलंय, मग थोडंसंच वाढायचं. पण लग्नाची बात चालू असेल, आणि मुलीकडचं मोठं माणूस तिसऱ्यांदा पण नाही म्हणालं..."

"तर?"

"तर मग पुढे कोणी विचारत नाही. समजून घेतात. आणि तुम्ही तर एकामागे एक, तिन्ही सांगून टाकले." त्याने भुट्टा बाजूला ठेवला. "वरून हॉटेल. पापा म्हणाले, ज्यांना नातं करायचं नसतं ते आधीच हॉटेल घेतात. आज दुपारी ते तयार होऊन बसले होते. मग शर्ट काढून ठेवला. म्हणाले, त्यांना अजून किती त्रास द्यायचा."

"आणि आई?"

"काल घरी कोणीच जेवलं नाही. संध्याकाळी आईने बाफले गाईला घातले."

मला एका बाफल्यामागे किती वेळ जातो ते माहीत होतं, कारण मंगलाताईंनी मोठ्या हौसेने सांगितलं होतं आणि मी ऐकता ऐकता प्रश्न क्रमांक पाच शोधत होते.

"हे मला कोणी सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"हे कोणी सांगत नाही आत्याजी. मालूम असतं."

माझ्या हिमनगाच्या चित्राखाली नेमकं हेच वाक्य आहे, फक्त इंग्रजीत आणि ठळक टायपात.

"मुक्ताला सांगितलंस?"

"नाही. काय सांगू? तिच्या आत्याने नाही म्हटलं असं? ती मला सकाळपासून विचारतेय, बाबा गप्प का आहेत. तिकडे काय झालं?"

तिकडे मी झाले होते. दोन घरं एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागून एकमेकांना नकार देऊन बसली होती. एकानेही तोंडाने नाही म्हटलं नव्हतं. एवढी कामगिरी माझ्या कुठल्याही इंजिनिअरला तोक्योत जमली नव्हती.

"मी आत्ता आईला फोन करते," मी म्हटलं. "माफी मागते."

तन्मय खरंच दचकला. "नका मागू. माफी मागितली म्हणजे काही झालं होतं असं होतं. मग आई म्हणेल, नाही-नाही, काहीच झालं नाही, आणि बात तिथेच राहील."

"मग करू काय?"

त्याने खांदे उडवले. "भूक लागली की या."

तिसरा दिवस

दुपारी परतीची गाडी होती. सकाळी पोहेवाल्यावरून मी तोंड फिरवून गेले. आयुष्यातल्या कठीण प्रसंगांत त्याची गणना करावी. माझ्या पुण्यातल्या दारावर 'येण्यापूर्वी फोन करावा' अशी पाटी आहे. ती मीच लावली आहे. साडेदहाला मी फोन न करता मंगलाताईंच्या दारात उभी राहिले.

त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मला बघून उठल्या. चेहऱ्यावर आदरातिथ्य होतं, पण परवाचं नव्हतं. पाहुण्यांसाठी ठेवलेलं असतं ते.

"मंगलाताई," मी म्हटलं, "भूक लागली आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातली जुडी खाली ठेवली. "बैठा," म्हणाल्या. "इथेच बैठा. बाहेर नका जाऊ."

मी जमिनीवर बसले, गुडघ्यांना न विचारता. बाफले नव्हते. घरात होतं ते होतं. पोळ्या, वांगं-बटाट्याची भाजी, दाळ, आणि तळलेला गराडू, म्हणजे थंडीत मिळणारा एक कंद, वर लिंबू आणि जीरावण. थंडीत गेलात तर हा चुकवू नका. मी चुकवला असता. मंगलाताई पोळ्या करत होत्या आणि सरळ तव्यावरून माझ्या ताटात टाकत होत्या. त्यांनी विचारलं, मुक्ताला मेथी आवडते का. मी म्हटलं, अजिबात नाही, लहानपणी खिडकीतून टाकायची. त्या हसल्या. "तन्मय पण."

तिसऱ्या पोळीला मी नको म्हटलं, रीत म्हणून. ती ताटात पडली. चौथीला नको म्हटलं ते खरं होतं. मंगलाताईंनी अर्धी वाढली. पुढे मी काही म्हटलंच नाही, खाली मान घालून खात राहिले. वजनाचं काय ते पुण्याला गेल्यावर.

मध्येच वसंतराव दारात आले, बनियनवर, हातात पेपर. मला बघून थबकले. तसेच परत गेले. पाच मिनिटांनी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. "मलाही वाढ," मंगलाताईंना म्हणाले. अकरासुद्धा वाजले नव्हते.

जेवण झाल्यावर मंगलाताईंनी पदराला हात पुसले. "वर चला. तुमचे गुडघे चालतील ना?"

तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. नुकताच रंग दिलेला, फिकट निळा. खिडकीला जाड पडदे, दिवसा अंधार करता येईल असे. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर प्लगची रांग, आणि इंटरनेटचं यंत्र, दिवे लुकलुकणारं. कोपऱ्यात चहाची छोटी शेगडी. दाराला आतून रबराची पट्टी लावलेली, खालचा आवाज येऊ नये म्हणून. माझ्या वहीतले पहिले तीन प्रश्न समोर उभे होते, रंग देऊन.

"हे कधी केलंत?"

"दिवाळीनंतर. वसंतजींनी स्वतः तार खेचली."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही? होईल-होईल म्हणत राहिलात."

मंगलाताई पडद्याची घडी सारखी करत होत्या. "कसं सांगणार ताई? तुमच्या घरून अजून हो आलं कुठे होतं. सांगितलं असतं तर मुलीला वाटलं असतं, यांनी तर खोली पण बनवली, आता मी नाही कसं म्हणू." त्या माझ्याकडे वळल्या. "तिला नाही म्हणायला जागा पाहिजे ना."

मी एकोणीस वर्षं हा विषय शिकवते आहे. मी टेबलावर हात फिरवला आणि म्हटलं, "उंची बरोबर आहे." खुर्चीच्या उंचीवर आम्ही मग जरा चर्चा केली.

लग्नाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. वसंतरावांनी मला स्कूटरवरून हॉटेलात आणि तिथून बॅगेसकट स्टेशनवर सोडलं. फलाटावर म्हणाले, "फिर या ताई." मी म्हटलं, "येईन. पण घरी उतरेन." ते एकदम दुसरीकडे बघायला लागले, जणू गाडीची वेळ तिकडे लिहिली होती.

परत

ज्यांना असाच प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: तीन दिवस, एक हॉटेल, खाणं आणि गाडीभाडं धरून सहा-सात हजारांत इंदूर आरामात होतं. मला ते थोडं महाग पडलं, पण त्याला इंदूर जबाबदार नाही. घरी आल्यावर मी एकोणिसावी स्लाइड उघडली, बराच वेळ बघितली आणि तशीच ठेवली. ती चुकीची नाही. ती कुठे चालते हे तिच्यावर लिहिलेलं नाही, एवढंच. माझ्या लक्षात राहिलं ते मात्र कुठल्याच चौकटीत बसेना. परक्या देशात मी दर पावलाला शंका घेते, कारण मला माहीत असतं की मला माहीत नाही. आपल्या माणसांत ती शंका मी पायपुसण्याजवळ सोडून आत जाते. 'आपलेच आहेत' हे वाक्य ऐकायला उबदार असतं, आणि ते म्हटलं की कान बंद होतात.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीषकडे गेले. तो पेपर वाचत होता. भावजय बाजारात गेली होती. आतल्या खोलीचं दार बंद, मुक्ता रात्रपाळी संपवत होती. तिचं इंग्रजी दारातून अस्पष्ट ऐकू येत होतं.

"मुक्ताशी बोललो मी," शिरीष पेपर खाली न ठेवता म्हणाला. "म्हटलं, आत्याने बघितलंय. मोघम लोक आहेत. अशा घरात पुढे त्रास होतो."

"काय म्हणाली?"

"काही नाही. दोन दिवस बोलत नाहीये. होईल ठीक."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. खोलीचं सांगितलं, पडद्यांचं, दाराच्या पट्टीचं, आणि ते त्यांनी का सांगितलं नव्हतं ते. बाफल्यांचं सांगितलं. गाईचंही सांगितलं. शिरीषने पेपर हळूहळू खाली घेतला.

"मग त्या दिवशी फोनवर तू जे म्हणालीस?"

"ते चूक होतं."

"कोणाची चूक?"

बावन्न वर्षांत मी माझ्या धाकट्या भावासमोर हे वाक्य म्हटलेलं नाही. लहानपणी फोडलेल्या बरणीबाबतही नाही. "माझी चूक," मी म्हटलं. "ते मोघम नाहीत. मला ऐकता आलं नाही."

शिरीषने चष्मा काढला. तो काही टोमणा मारेल असं वाटलं. त्याचा हक्कही होता. पण तो नुसता चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "वसंतरावांचा नंबर दे. मी करतो फोन."

मी नंबर दिला. तेवढ्यात आतलं इंग्रजी थांबलं आहे हे लक्षात आलं. दार चार बोटं उघडलं होतं, आणि फटीतून हेडसेटची लोंबती वायर दिसत होती. मुक्ता किती वेळ तिथे उभी होती, आणि तिने काय-काय ऐकलं होतं, मला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून मी दाराकडे वळून 'माझी चूक' हे पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने.